दादाच्या चाकूची दुसरी कमान

प्रिय अनय आणि ईशा,

तुम्ही परत गेल्यापासून घर पुन्हा माझ्या शिस्तीत आलं आहे. चपला जागेवर आहेत, वर्तमानपत्र घडी घालून ठेवलं जातं आणि फ्रिजचं दार कुणी उघडं टाकत नाही. पण तुमच्या मुक्कामातली एक दुपार माझ्या मनातून जात नाही, आणि मला वाटतं तुमच्याही जाणार नाही. अनय, तू पेरू कापायला म्हणून स्वयंपाकघरातल्या खालच्या खणातून तो जुना चाकू काढलास, अंगठ्याच्या नखाने पातं उघडलंस, आणि मी किंचाळले. तुझ्या हातून पेरू पडला. ईशा अंघोळीच्या ओल्या केसांनी धावत आली. तुमच्या आईने मला खुर्चीवर बसवून पाणी दिलं आणि तुम्हाला हळूच सांगितलं, "आजीचं वय झालंय."

वय झालं आहे हे खरं. पण त्या किंचाळण्याचा वयाशी काही संबंध नाही. ते फार जुनं आहे. कुठून आलं ते फोनवर सांगायला घेतलं तर तुमची ऑफिसला जायची घाई असते आणि माझा शब्द तोंडात अडकतो, म्हणून लिहून पाठवते. तुम्हाला मराठी हळूहळू वाचता येतं. घाई नाही. अडेल तिथे आईला विचारा.

मी लग्नाआधी चाकूच्या कारखान्यात कामाला होते, हे तुम्हाला ऐकून माहीत आहे आणि तुम्हाला त्याची गंमत वाटते. तुमच्या डोळ्यांसमोर मोठं गेट, भोंगा आणि यंत्रांची रांग येत असेल. तसं काही नव्हतं. चिंचवड स्टेशनपासून थोड्या अंतरावर पत्र्याची एक लांबट शेड होती. एका टोकाला भट्टी, मध्ये जोडणीची मेजं, दुसऱ्या टोकाला खिडकीशी माझं टेबल. बाहेर ज्वारी. पिंपरीकडे मोठे कारखाने उभे राहायला लागले होते, पण आमच्या शेडच्या दारात अजून म्हशी येऊन उभ्या राहायच्या. मालकांना इंग्रजी पत्रव्यवहाराला माणूस हवा होता. मी इंटरपर्यंत शिकलेली, टाइपिंग येत असलेली, आणि वडील वारल्यामुळे नोकरीची गरज असलेली. घरात आई, मी आणि मोठा भाऊ. तो माझा दादा, तुमचा मोठा मामाआजोबा. तो विजेच्या लाइनीच्या ठेकेदाराकडे वायरमन होता. आमचं घर त्याच्या हातांवर उभं होतं, आणि थोडं माझ्या.

पत्रं रोज येत नसत. रिकामं बसायची मला तेव्हाही सवय नव्हती. मी जोडून आलेले चाकू उघडमीट करून बघायला लागले, आणि हळूहळू तपासणीचं काम माझ्याकडेच आलं.

चाकू म्हणजे घडीचा चाकू, खिशात राहणारा. त्याला चारच गोष्टी लागतात: पातं, शिंगाची मूठ, त्यांना जोडणाऱ्या पितळी खिळ्या आणि कमान. पहिल्या तिन्ही गिऱ्हाइकाला दिसतात. कमान दिसत असली तरी कुणी बघत नाही. मुठीच्या पाठीत बसवलेली ती पोलादाची चिंचोळी पट्टी असते. पातं उघडलं की ती त्याच्या बुडाशी दाबून बसते आणि त्याला उघडं धरून ठेवते. मिटलं की मिटलेलं धरून ठेवते. चाकू वापरणारा माणूस आपली बोटं या पट्टीच्या भरवशावर ठेवत असतो आणि त्याला ते ठाऊकही नसतं. कमान तुटली तर पातं खिळखिळ्या दारासारखं सैल होतं. ज्या बाजूला ते मिटतं, त्याच बाजूला बोटं असतात.

माझी तपासणी अशी होती. उघडायचा, ऐकायचं. मिटायचा, ऐकायचं. उघडं पातं बाजूने ढकलून डुलतं का बघायचं. मिटलेल्या चाकूवरून बोट फिरवायचं, टोक कुठे बोचतं का ते पाहायला. यातलं ऐकणं सगळ्यात महत्त्वाचं. चांगला चाकू उघडताना 'टक' म्हणतो आणि मिटताना त्याहून जरा खालच्या आवाजात 'टक' म्हणतो. मधे घासल्याचा, कुरकुरल्याचा आवाज नाही. गिऱ्हाइकांचेही कान तयार असायचे. एक निवृत्त सुभेदार दर वर्षी नवा चाकू घ्यायला स्वतः यायचे, दहाबारा चाकू कानाशी धरून उघडायचे आणि म्हणायचे, "मागच्या साली आवाजात जास्त दम होता." एका पानवाल्याला मात्र अजिबात आवाज न करणारा चाकू हवा होता. त्याच्या म्हणण्याप्रमाणे टक झालं की उधारीवाली गिऱ्हाइकं दचकून निघून जायची. त्याला आम्ही नाही म्हटलं. आवाज न करणारा चाकू म्हणजे ढिली कमान, आणि ढिली कमान आमच्या शेडमधून बाहेर जात नसे.

कमानी बनवायचे हुसेनचाचा. शिकलगारांच्या, म्हणजे हत्यारांना धार लावणाऱ्यांच्या घरातले, मूळचे जुन्नरचे. बोलणं मोठ्या आवाजात, मिशीला मेंदी, आणि आपल्या हातच्या कामाचा गर्व इतका की कुणी कमान परत पाठवली तर दिवसभर त्या माणसाकडे पाठ करून बसायचे. माझ्याशी मात्र त्यांचं जमलं. ते म्हणायचे, "बेटी, या शेडमध्ये दोघांनाच ऐकू येतं. तुला आणि मला. बाकीचे डबा खायला येतात."

कमान कशी होते ते इथे सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. पोलादाची पट्टी तापवून लाल करायची आणि तेलात बुडवायची. याला पाणी देणं म्हणतात. तेल असलं तरी पाणीच म्हणतात. पाणी दिलेलं पोलाद काचेसारखं कडक होतं आणि काचेसारखंच फुटतं. म्हणून ते पुन्हा हलक्या आचेवर धरायचं, त्यावर निळी झाक येईपर्यंत. याला पाणी उतरवणं म्हणतात. मग ती पट्टी वाकते आणि परत येते, वर्षानुवर्षं. हुसेनचाचा पाणी दिलेल्या पण न उतरवलेल्या कमानी तारेत ओवून भट्टीच्या खुंटीला टांगून ठेवत. खुंटीवरचं काही जोडणीच्या मेजावर जायचं नाही, हे सगळ्यांना माहीत होतं.

आणखी एक रिवाज सगळ्यांना माहीत होता. खंडेनवमीला भट्टी विझवून हत्यारांची पूजा व्हायची, आणि देवीपुढे मोठ्या परातीत आमचा तयार माल मांडला जायचा. फक्त तयार माल. दसरा झाला की ज्याच्यावर हळदकुंकू आहे तो माल पहिल्यांदा हातात घ्यायचा, कारण तो देवीचा.

त्या वर्षी खंडेनवमीच्या आधी हुसेनचाचा मुलीच्या लग्नासाठी जुन्नरला गेले. भट्टी विझवून, खुंटीवर कमानींची तार टांगून गेले. पूजेच्या सकाळी मालक शेडमध्ये आले. पुण्याहून पाहुणे यायचे होते आणि परात जवळजवळ रिकामी होती, कारण बहुतेक माल दसऱ्याच्या बाजारासाठी आधीच गेला होता. मालक मनाने वाईट नव्हते. त्यांना परात भरलेली दिसायला हवी होती, एवढंच. त्यांनी खुंटीवरची तार काढली आणि म्हणाले, "या घ्या की. काळ्या दिसतायत, जरा घासून घ्या." पॉलिशवाल्या बायकांनी राख आणि चिंच घेऊन त्या कमानी समया घासाव्यात तशा घासल्या. परात लखलखली. पाहुण्यांनी कौतुक केलं. मीही त्या परातीला नमस्कार केला.

दसऱ्यानंतर जोडणीला बसले जगू मिस्त्री. साताऱ्याकडचे, हाताला चपळ, जिभेला त्याहून चपळ. त्यांच्या पुढ्यात कुंकू लागलेल्या कमानी आल्या. निळी झाक नव्हती, पण घासल्यावर ती जाते हे त्यांना माहीत होतं. देवीपुढचा माल म्हणजे तयार माल. त्यांनी बसवायला घेतल्या. एकदोन बसवतानाच तुटल्या. तशा अधूनमधून तुटतातच.

मग ते चाकू माझ्या टेबलावर आले आणि मी ऐकले. असा आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता. वरच्या सुरातला, स्वच्छ, काचेच्या ग्लासावर चमचा लागावा तसा. मी पुन्हापुन्हा उघडमीट केली. पातं डुलत नव्हतं, टोक बोचत नव्हतं. तरी मी उठून मेजाशी गेले.

"मिस्त्री, या खेपेचा आवाज वेगळा आहे."

"येगळा म्हंजी? ढिला हाय का?"

"नाही. चांगला आहे. फारच चांगला आहे."

"घ्या! आता चांगल्याची बी तक्रार! बाई, तुमचं लगीन झाल्यावर त्या सासूचं काय खरं न्हाई."

सगळी शेड हसली. मीही हसले. तरी त्यातले काही चाकू मी मागे ठेवून घेतले, माझ्या टेबलामागच्या फळीवर, चाचा आल्यावर त्यांना ऐकवायला. चुकीचं काही दिसत नव्हतं. नुसतं ऐकवायचं होतं. बाकीचे दिवाळीच्या बाजारासाठी दुकानांत गेले. आणि एक मी विकत घेतला. भाऊबीजेला दादाला द्यायला, सगळ्यांत गोड आवाजाचा निवडून.

चाकू कुणाच्या हातात देऊ नये म्हणतात. म्हणून मी दादाला ओवाळलं आणि चाकू पाटावर ठेवला. दादाने तो उचलून उघडला, कानाशी नेला आणि आईला म्हणाला, "ऐकलंस? आपल्या सुमीचा चाकू गातोय." दुसऱ्या दिवसापासून तो त्याच्या खाकी विजारीच्या खिशात असायचा. तारेच्या टोकावरचं रबराचं वेष्टण सोलायला त्याला चाकू लागायचा. हे काम तो खांबावर चढून करायचा. कमरेला काथ्याचा दोर असे, कधी बांधलेला, कधी नुसता खांद्यावर.

दिवाळी सरली. हवा कोरडी आणि थंड झाली होती. त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत सगळे बाहेर लिंबाखाली बसले होते. हुसेनचाचा त्याच सकाळी जुन्नरहून परतले होते आणि लग्नातल्या जेवणाचं वर्णन करत होते, ते मला आतून ऐकू येत होतं. मी माझ्या टेबलाशी एकटी डबा खात होते. शेडमध्ये कुणी नव्हतं.

माझ्या पाठीमागे 'टिक' असं झालं.

मला वाटलं उंदीर. मी वळून पाहिलं. फळीवर चाकू ठेवले होते तसेच होते, मिटलेले, ओळीत. मी पुन्हा घास घेतला. पुन्हा 'टिक'. या वेळी मी फळीकडेच बघत होते. कुणी हात लावलेला नव्हता. वारा नव्हता. एका चाकूचं पातं मुठीतून किंचित वर आलं, जसं झोपलेल्या माणसाचं तोंड उघडं पडावं, आणि तसंच राहिलं.

मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी नव्हते. तरी मी तो चाकू फडक्यात धरून उचलला. पातं लोंबत होतं. पाठीतली कमान मधोमध तुटलेली होती. शेजारचा उचलला, त्याचीही तशीच. वापरून तुटलेल्या नव्हत्या. फळीवर पडल्यापडल्या, आपल्याच ताणाने तुटल्या होत्या.

मी ते दोन्ही घेऊन लिंबाखाली गेले. हुसेनचाचांनी हसत हसत हात पुढे केला आणि कमानीचा तुकडा उन्हात धरला. त्यांचं हसू थांबलं. मग ते उठून आत भट्टीपाशी गेले. खुंटी रिकामी होती.

"इथल्या कमानी कुठं गेल्या?"

त्यांनी रिकाम्या खुंटीवरून हात फिरवला.

"उतरवल्या कुणी?"

"चाचा, त्या देवीफुडं हुत्या की," जगू मिस्त्री म्हणाले. "कुंकू हुतं त्यांच्यावर."

"कुंकवानं पाणी उतरत नाही, जगू," हुसेनचाचा म्हणाले. त्यांचा आवाज इतका हळू मी पहिल्यांदाच ऐकला. "ह्या काचेच्या आहेत. सगळ्या काचेच्या."

मालकांना बोलावलं. ते आले, ऐकलं, आणि परातीचं आठवून त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी लगेच माणसं सायकलींवर दुकानांकडे पिटाळली, सापडेल तो चाकू परत आणायला. कोण कुठे जाणार याची बोलणी चालली होती, आणि मी तिथेच उभी होते. हुसेनचाचांचं माझ्याकडे लक्ष गेलं.

"बेटी, तू कुणाला दिलास?"

"दादाला."

"काय काम करतो?"

"तारा ओढतो. खांबावर."

त्यांनी जोडे घातले.

दादाची गँग तेव्हा मोशीच्या पुढे, नाशिक रस्त्याच्या कडेने खांबांवर तारा ओढत होती. आज तुम्ही तिथून गाडीने जाता तेव्हा दोन्ही बाजूंना इमारतीच इमारती दिसतात. तेव्हा रस्ता रिकामा असायचा आणि लांबूनही माणूस दिसायचा. आम्ही टांग्याने भोसरीला गेलो. तो घोडा इतका सावकाश चालत होता की मला उतरून पुढे पळावंसं वाटत होतं. मी मनात काय काय बघत होते ते सांगते. दादा चाकू कसा धरतो ते मला पाठ होतं. मूठ मुठीत, चारही बोटं पात्याच्या वाटेवर, अंगठा पाठीवर. पोटाकडे नाही, बाहेरच्या बाजूला सोलतो, जोर लावून. जोर लावला की कमानीवर ताण येतो. पातं मिटलं की हात सुटेल. हात सुटला की पाय. मी हे पुन्हापुन्हा, टप्प्याटप्प्याने बघत होते आणि थांबवता येत नव्हतं. शेजारी हुसेनचाचा ओठ हलवत होते. त्यांनाही बहुधा तेच दिसत असावं.

भोसरीहून एका भाजीच्या ट्रकने मोशीपर्यंत सोडलं. तिथे रस्त्याकडेला एक पेरूवाला टोपली घेऊन बसला होता. त्याला मी गँगबद्दल विचारलं.

"लाइनवालं? व्हय, सकाळच्याला हितनंच गेलं. निघोज्याच्या फाट्याकडं खांब हायती, तकडं."

मी निघाले, पण हुसेनचाचा हलले नाहीत. ते त्या माणसाच्या हाताकडे बघत होते. उजव्या हाताच्या पहिल्या बोटाला हळदीने पिवळी झालेली चिंधी बांधलेली होती, आणि ते बोट इतरांपेक्षा आखूड होतं.

"बोटाला काय झालं, भाऊ?"

"ह्ये व्हय? नवा चाकू घेतला दिवाळीच्या बाजारात. आवाज लई ग्वाड. पेरू चिरत हुतो तर आपलाच मिटला. म्या न्हाई मिटला, त्योच मिटला. भुताचा हुता. दिला इंद्रायणीत फेकून."

"भुताचा नव्हता," हुसेनचाचा म्हणाले. "त्याची कमान मी केली होती. अर्धी."

पेरूवाल्याने त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. मग चिंधी बांधलेलं बोट त्यांच्या नाकासमोर धरलं.

"मग चाचा, ह्येचं टोक बी करून द्या की. अर्धं न्हाई, आख्खं."

हुसेनचाचांनी मान खाली घातली. मी त्यांचा सदरा ओढला. आम्ही निघालो, आणि आता त्यांना माझ्यापेक्षा जास्त घाई झाली होती. साठीकडे झुकलेला तो माणूस माझ्यापुढे जवळजवळ पळत होता.

फाट्याजवळ खांबांची रांग दिसली. खाली तारांची भेंडोळी, दोरखंड, दोनतीन माणसं. गँगचा मुकादम लांबूनच ओरडला, "ओ बाई, तारंखालनं येऊ नका! कडंनं या, कडंनं!" मी वर पाहिलं. शेवटच्या खांबाच्या टोकाशी दादा होता. पाय खांबाला आवळलेले. दोर खांद्यावर होता, कमरेला नव्हता. डाव्या हातात तारेचं टोक आणि उजव्या हातात काहीतरी उन्हात चमकत होतं.

मी हाक मारायला तोंड उघडलं. हुसेनचाचांनी माझं मनगट धरलं.

"नको. दचकेल."

म्हणून मी ओरडले नाही. पोरांनो, मी आयुष्यात पुष्कळ अवघड गोष्टी केल्या. पण त्या खांबाखाली तोंड मिटून उभं राहण्याइतकी अवघड दुसरी केली नाही. दादा सोलत होता. पातं तारेवर टेकवायचं, दाबायचं, पुढे ढकलायचं. वेष्टणाची काळी साल खाली पडत होती, माझ्या पायाशी. एकदा त्याने चाकू मांडीवर दाबून मिटला आणि तो 'टक' मला खाली ऐकू आला. तोच आवाज, स्वच्छ, गोड. मला वाटलं संपलं. तर त्याने दुसरं टोक ओढून घेतलं आणि चाकू पुन्हा उघडला. मुकादम मला काहीतरी विचारत होता, काय झालं, घरी काही झालं का, आणि मी नुसती मान हलवत होते, हो की नाही ते मलाही कळत नव्हतं. हुसेनचाचांनी माझं मनगट सोडलं नव्हतं. त्यांची बोटं मला रुतत होती.

शेवटी दादाने चाकू मिटला, खिशात टाकला आणि उतरू लागला. खाली पाय टेकल्यावर त्याला मी दिसले. त्याचा चेहरा पांढरा झाला.

"सुमे! आई बरी आहे ना?"

मी त्याच्या खिशाकडे बोट दाखवलं.

"चाकू? चाकूचं काय? झकास आहे गं तो. अख्खी गँग मागतेय मला."

"मग काय!" मुकादम म्हणाला. "बाई, त्याचा आवाज आला की आमाला वाटतं सायेबच आला तपासणीला."

"खाली ठेव," हुसेनचाचा म्हणाले. "त्या दगडावर. हातात देऊ नको."

दादाने ठेवला. हुसेनचाचांनी खांद्यावरचा पंचा काढून हाताला गुंडाळला, चाकू उघडला, आणि पात्याचं टोक खांबाला लावून जरासं दाबलं. वर दादा दाबत होता त्याच्या निम्म्याहूनही कमी. कडकन आवाज झाला आणि पातं पंच्यावर मिटलं. पंचा फाटला. आतली बोटं वाचली.

दादा आधी हसला. मग त्याने आपला उजवा हात समोर धरून उलटसुलट करून बघितला, वर खांबाकडे बघितलं, आणि तारांच्या भेंडोळ्यावर खाली बसला. तिथूनच म्हणाला, "मघाशी वर असताना एक गाठ निघत नव्हती. चांगला जोर लावला होता."

दुसऱ्या दिवशी हुसेनचाचांनी भट्टी पेटवली आणि मला शेजारी उभं केलं. एकच पट्टी घेतली. लाल झाली, तेलात गेली, पुन्हा आचेवर आली. "आता बघ. पिवळा येईल, मग तांबूस, मग निळा. निळा आला की सांग." मी सांगितलं. त्यांनी तीच कमान दादाच्या चाकूत बसवली. त्याच मुठीत, त्याच पात्याला. दादा बरेच महिने तो घेईना. ठेकेदाराचा जुना बोथट चाकू वापरायचा. मग एक दिवस काही न बोलता त्याने तो कोनाड्यातून उचलला. त्यानंतर तो कामाला निघाला की मी दारात उभी राहून म्हणायची, "उघड. मीट." आणि ऐकायची. तो वैतागायचा, पण उघडून मिटून दाखवायचा.

शेडमध्येही बदल झाले. देवीपुढे माल मांडणं बंद झालं, फक्त हत्यारं. आणि प्रत्येक कमान बसवण्याआधी माझ्यासमोर लाकडी खाचेत वाकवायची, परत आली तरच पुढे. हुसेनचाचांना ते मुळीच आवडलं नाही. "माझ्या हातावर शक?" म्हणून ते किती तरी दिवस माझ्याकडे पाठ करून बसले. पण पहिली कमान वाकवायला तेच आले. पेरूच्या दिवसांत ते मोशीला जात. पेरूवाला त्यांना पाहिलं की आधी ते आखूड बोट वर करायचा, आणि मग टोपलीतला मोठ्यात मोठा पेरू काढून द्यायचा. त्यातला निम्मा माझ्या टेबलावर यायचा. मला तो गोड लागायचा नाही.

दुकानांतले बरेच चाकू परत आले. सगळे नाही. बाजारात विकले गेले ते कुणाच्या खिशात गेले, कुठे गेले, कुणाच्या हातात मिटले, हे मला कधी कळलं नाही. कितीतरी वर्षं मी एसटीत, बाजारात, लग्नाच्या पंगतीत अनोळखी माणसांची बोटं बघत असे. अजूनही बघते. तुम्ही एकदा विचारलं होतंत, आजी लोकांच्या हातांकडे का बघते. त्याचं उत्तर हे.

अनय, तुझ्या हातातल्या चाकूत काही वाईट नव्हतं. मला ते माहीत होतं. पण तू तो बरोबर दादासारखा धरला होतास, बोटं पात्याच्या वाटेवर. त्या खांबाखाली जे माझ्या तोंडातून निघालं नाही ते त्या दुपारी निघालं, एवढंच. तू घाबरलास त्याचं वाईट वाटतं.

शेड आता नाही. तिथे काय आहे ते मी बघायला जात नाही. हुसेनचाचा नाहीत, जगू मिस्त्री नाहीत. दादा निवृत्त होईपर्यंत खांबांवर चढला, आणि गेला तेव्हा त्याची दाही बोटं शाबूत होती. वहिनींनी त्याचा चाकू मला दिला. तो खालच्या खणात आहे, फडक्यात गुंडाळलेला. पातं धार लावून लावून अरुंद झालं आहे. मुठीचं शिंग एका बाजूने तडकलं आहे. कमान तीच आहे, दुसरी. आज सकाळी तेल घालून उघडला, मिटला आणि ऐकला. ठीक आहे.